वडिलांच्या पश्चात घरातील जुन्या वस्तू ऑनलाइन विकायला टाकाव्यात का?

लालबागची_लेक

नमस्कार. आमची लालबागमधील चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि दोन महिन्यांत खोली रिकामी करून किल्ली द्यायची आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत आई माझ्याकडे डोंबिवलीला राहील. माझे घरही लहानच आहे, त्यामुळे खोलीतील निम्म्याहून अधिक सामान बरोबर नेता येणार नाही. वडील गेल्या वर्षी गेले. ते गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि पुढची वीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात काढली. सामान बेताचेच आहे, पण चाळीस-पन्नास वर्षे एकाच खोलीत साठलेले आहे.

काय काय आहे ते सांगते. आईची पायमशीन आहे, तिचा पट्टा तुटलेला आहे पण बाकी ती चालते. तांब्याचा बंब आहे, तो गॅस आल्यापासून पोटमाळ्यावर पडून आहे. एक लोखंडी कपाट आहे. बारा वर्षे वापरलेला फ्रिज आहे. वडिलांचा मोबाइल आहे. आईच्या औषधांच्या बटव्यात सहाणेबरोबर सांबरशिंगाचा बोटभर तुकडा आहे, आम्ही लहान असताना ती तो उगाळून लेप लावत असे. आणि वडिलांची बाजाची पेटी आहे. दर गुरुवारी चाळीच्या पटांगणात भजन असे, तेव्हा ते ती वाजवत.

सुरुवातीला मला वाटले होते की दोन रविवारांत सगळ्याचे फोटो काढावेत, जाहिराती टाकाव्यात आणि येईल त्याला द्यावे. प्रत्यक्षात एकही जाहिरात टाकून झालेली नाही. पेटीची जाहिरात मी पूर्ण लिहिली, चार फोटो चढवले, बारा हजार किंमत घातली आणि आज आठ दिवस ती फोनमध्ये तशीच अर्धवट जपून ठेवली आहे. शेवटचे बटण दाबायला गेले की हात थांबतो. आई काही बोलत नाही. "तुला काय करायचं ते कर," एवढेच म्हणते, आणि त्या वाक्याचा अर्थ होकार आहे की नकार, हे मला चाळीस वर्षांनंतरही नीट कळत नाही.

कोणती वस्तू टाकावी, कोणती टाकू नये, हे तुम्ही कसे ठरवता? किंमत कशी लावता? अनोळखी माणूस घरी येणार, त्याची काळजी कशी घ्यायची? ज्यांनी असे घर रिकामे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ठाण्याचा_हिशेबनीस

ताई, गेल्या चार वर्षांत मी स्वतःच्या, सासऱ्यांच्या आणि एका मित्राच्या घरातील मिळून चाळीसएक वस्तू अशा विकल्या आहेत, म्हणून अनुभवाचे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे एका जाहिरातीला किती वेळ जातो याचा हिशेब आधी करावा. वस्तू पुसणे, उजेडात फोटो काढणे, मजकूर लिहिणे, "आहे का?" आणि "शेवटचं किती?" एवढेच विचारून गप्प होणाऱ्या पंधरा-वीस जणांना उत्तरे देणे, आणि येतो म्हणून न आलेल्या माणसासाठी रविवारची दुपार घरात थांबणे, हे सगळे धरले तर माझे एका वस्तूमागे तीन-साडेतीन तास सहज जातात. म्हणून पाचशे रुपयांच्या आत जाईल अशी वस्तू मी कधीच टाकत नाही. ती चाळीत, सोसायटीत, कामाला येणाऱ्या मावशींना विचारून देऊन टाकतो आणि तो विषय तिथेच संपवतो. तुमच्याकडे मुदत दोन महिन्यांची आहे, त्यामुळे हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षाही कडकपणे करावा लागेल.

किंमत ठरवताना बहुतेक जण एक चूक करतात. इतरांच्या जाहिराती पाहतात, त्यातला आकडा उचलतात आणि आपल्या वस्तूला लावतात. पण जाहिरातीतील आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. तसेच कपाट आठ हजारांना तीन महिने पडून असेल, तर आठ हजारांना ते जात नाही, एवढेच त्या जाहिरातीवरून कळते. दोन-तीन आठवडे पाहत राहावे, कोणत्या जाहिराती चार दिवसांत नाहीशा होतात ते टिपावे, आणि त्यांच्या जवळपासचा आकडा धरावा. घासाघीस होणारच असते, तेव्हा दहा टक्के वर ठेवावे. त्याहून जास्त ठेवले तर चांगला ग्राहक विचारायलाही येत नाही.

कपाटाचे माप आधी घ्या, आणि तुमच्या जिन्याचेही घ्या. चाळीचे लाकडी जिने अरुंद असतात, वळणावर कपाट उभे करून फिरवावे लागते, त्याला चार माणसे लागतात. हमाली कोणाची आणि टेम्पो कोणाचा, हे जाहिरातीत पहिल्या दोन ओळींतच लिहा. मी एकदा हे लिहिले नव्हते, शिवाय टेबलाच्या मागच्या पायाला गेलेली चीर फोटोत दाखवली नव्हती, कारण ती भिंतीकडे असते आणि कोणाला दिसत नाही असे मी मनाशी म्हटले होते. बदलापूरहून एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले, वाकून पाय पाहिला, मला काहीच न बोलता उठले आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेले. टेम्पोचे भाडे मी त्यांना नंतर पाठवले, पण त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून वस्तूतील दोषाचा फोटो मी सर्वांत आधी लावतो. त्याने किंमत थोडी उतरते, पण जो येतो तो घेऊनच जातो.

बंबाला दोन वेगवेगळ्या किमती असतात. तांबाकाट्याला, म्हणजे मुंबईतील जुन्या तांब्या-पितळेच्या बाजारात, नेलात तर तो मोडीत जाईल, म्हणजे वजनावर, आणि मोडीचा भाव नव्या तांब्यापेक्षा बराच कमी असतो. त्यात खालची लोखंडी जाळी आणि पितळी तोटी वेगळी काढून वजन करतात की नाही, हे समोर उभे राहून पाहावे. मात्र बंब गळत नसेल, मधली नळी शाबूत असेल आणि जुन्या मठारकामाचे ठोके अंगावर दिसत असतील, तर घर सजवण्यासाठी तो घेणारे लोक आज आहेत आणि ते मोडीपेक्षा पुष्कळ जास्त देतात. त्यामुळे आधी पाणी भरून रात्रभर ठेवा. सांध्याचा डाख (झाळ) उखडला असेल तर सकाळी खाली ओल दिसेल. फोटो काढण्यापूर्वी चिंचेने घासून लखलखीत करू नका. अशा ग्राहकाला जुना काळपट रंगच हवा असतो.

फ्रिज टाकू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा वर्षांचा फ्रिज घेणारे बहुधा नुकतेच मुंबईत आलेले कुटुंब असते किंवा खोली करून राहणारे विद्यार्थी असतात. पंधरा दिवसांत कॉम्प्रेसर गेला तर त्यांचे पैसे बुडतात, आणि तुमची खोली तर तोवर रिकामी झालेली असेल. नवा घेताना बदल्यात द्या, नाही तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या.

सूर_आणि_भाता

मी सांगलीकडचा. घरात दोन पिढ्या पेट्या दुरुस्त करण्याचे काम आहे, म्हणून फक्त पेटीबद्दल लिहितो.

ताई, तुम्ही बारा हजार किंमत कशावरून घातलीत ते तुमच्या लिहिण्यात नाही. बाहेरून पेटीची किंमत कळत नाही. पॉलिश, पट्ट्यांचा पांढरा रंग आणि खुंट्यांची चमक पाहून जी किंमत ठरते ती लाकडी डब्याची असते. पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो, म्हणजे आत हवेने थरथरणाऱ्या पितळी पात्यांत. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत गुजरातेतील पालिताण्याचे सूर असतात, ते चांगलेच असतात. काही जुन्या पेट्यांत मात्र जर्मनीचे किंवा पॅरिसचे सूर निघतात, आणि अशा पेटीसाठी जाणकार वादक दूरवरून येतो. तेव्हा किंमत लावण्याआधी पेटी उघडून पाहणे भाग आहे.

आधी घरच्या घरी एक परीक्षा करा. सगळ्या खुंट्या आत ढकला, भाता पूर्ण भरा, कोणतीही पट्टी दाबू नका आणि भाता सोडून द्या. तो सावकाश बसत गेला तर पेटी हवाबंद आहे. धपकन बसला तर चामडे गेलेले आहे किंवा कुठेतरी फट आहे. मग खुंट्या उघडून, पट्टी न दाबता, भाता मारा. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर त्या पट्टीखालची गादी किंवा स्प्रिंग गेलेली आहे. ही दुरुस्ती मोठी नसते. मुंबईच्या दमट हवेत सुरांवर हिरवट थर चढतो, त्याने सूर उतरतो किंवा मुका होतो. तो थर स्वतः घासू नका. सुराची जीभ कागदासारखी पातळ असते आणि एका ओरखड्याने तिचा स्वर कायमचा बदलतो.

पेटी भजनातली असल्यामुळे ती बहुधा खर्ज-नर, म्हणजे जाड आणि मध्यम आवाजाच्या सुरांच्या, अशा दोन ओळींची असेल. टाळ-मृदंगाच्या वर आवाज निघायला तशीच पेटी लागते. हे जाहिरातीत जरूर लिहा, कारण शास्त्रीय गायनाच्या साथीला पेटी शोधणारा आणि भजनी मंडळासाठी शोधणारा हे दोन वेगळे ग्राहक आहेत, आणि दोघांचाही वेळ वाचतो.

तेव्हा, वरचे झाकण काढा, पट्ट्यांचा भाग हळूच उचला, आणि सुरांच्या पाटीचा तसेच झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. बनवणाऱ्याचा शिक्का किंवा दुरुस्तीची तारीख बहुतेक वेळा तिथेच असते. तो फोटो इथे टाकलात तर मी अधिक सांगू शकेन. तोवर ती जाहिरात टाकू नये असे मला वाटते.

नाशिकची_निवृत्त_शिक्षिका

अनोळखी माणसाबद्दल तुम्ही विचारले आहे म्हणून माझ्या बाबतीत जे घडले ते लिहिते. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो, पण कोणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहिते.

मी जेवणाचे टेबल विकायला टाकले होते, नऊ हजारांना. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा अतिशय अदबीने बोलत होता, "मॅडम, मी सैन्यात आहे, नाशिकला बदली झाली आहे, टेबल बघायला वेळ नाही, पैसे आत्ताच पाठवतो, सामान आमची गाडी घेऊन जाईल," असे म्हणाला. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. एकही रुपया कमी करायला सांगितले नाही, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जुने टेबल न पाहता, घासाघीस न करता कोणी घेत नाही. त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन केला की पैसे खात्यात जमा होतील असे सांगितले. मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि नऊ हजार खात्यातून गेले. "चुकून उलटे झाले, परत करतो, पुन्हा स्कॅन करा," असे तो म्हणाला, आणि मी घाबरून पुन्हा पिन टाकला. अठरा हजार गेले.

ताई, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा आणि आईंनाही सांगून ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो केवळ पैसे देताना आणि शिल्लक पाहताना. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करा, पिन टाका, असे जो सांगेल तो चोर आहे. आणि असे काही घडलेच तर लाजत बसू नका. मी दोन दिवस मुलालाही सांगितले नाही, आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे होते. 1930 या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी थांबवता आले तर तेवढ्यातच थांबवता येतात.

आता मी असे करते. फोन नंबर जाहिरातीत देत नाही, आधी तिथल्या संदेशांतूनच बोलते. वस्तू दिवसा दाखवते, घरात दोन माणसे असताना. छोटी वस्तू असेल तर घरी बोलावतच नाही, खाली दुकानापाशी भेटते. पैसे जमा झाल्याचा समोरच्याने दाखवलेला फोटो मी ग्राह्य धरत नाही. माझ्या खात्यात रक्कम दिसल्यावरच वस्तू हातातून सोडते. चाळीत तुमच्या आई एकट्या असताना कोणालाही बोलावू नका.

वडिलांच्या मोबाइलविषयीही एक सांगायचे आहे. तो नंबर त्यांच्या बँक खात्याशी जोडलेला असेल, तेव्हा खात्याचे वारसाचे काम पुरे होईपर्यंत सिमकार्ड आणि फोन दोन्ही जपून ठेवा. नंतर फोन द्यायचा झाला तर फोटो उतरवून घ्या. त्यांत आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो हमखास निघतात. मग त्यातील गूगल खाते काढून टाका आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खाते न काढता रीसेट केले तर फोन नव्या माणसाकडे जुनेच खाते मागत बसतो, आणि वडिलांचा पासवर्ड तेव्हा कोण सांगणार?

सातारकर_वकील

वरील सर्व सूचना उत्तम आहेत. परंतु माझ्या मते किमतीच्या आधी मालकीचा प्रश्न येतो, आणि तो या चर्चेत अजून कोणी विचारलेला नाही. वस्तू ज्याची असते त्यालाच ती विकता येते, आणि वडिलांच्या वस्तू केवळ तुम्ही घर आवरत आहात म्हणून तुमच्या होत नाहीत. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार त्यांच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा असतो. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. भांडीकुंडी आणि कपाट यांवरून कोणी न्यायालयात जात नाही हे खरे, पण भावंडांमधील अबोला बहुधा अशाच वस्तूंवरून सुरू झालेला मी पाहिला आहे. तुम्हाला भाऊ-बहीण असल्यास जाहिरात टाकण्यापूर्वी त्यांना यादी पाठवा आणि लेखी होकार घ्या. व्हॉट्सॲपवरचा संदेशही पुरे. पायमशीन आईंची असेल तर ती सर्वस्वी आईंची आहे, तिच्याबाबत केवळ त्यांनीच ठरवायचे.

दुसरे, काही वस्तू जाहिरातीत टाकताच येत नाहीत. सांबर हा संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या शिंगाची विक्री वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली गुन्हा ठरते. तुकडा बोटभर आहे, घरगुती औषधाचा आहे, हा बचाव होत नाही. तो वनविभागाच्या कार्यालयात विचारून त्यांच्या स्वाधीन करणे हा सरळ मार्ग आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरच्या जाहिराती मी सर्रास पाहतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर ग्राहकाच्या मालकीचे नसतात, आपण केवळ अनामत भरलेली असते. जोडणी वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या, नको असेल तर परत करून अनामत मागा.

तुमच्याकडे जुन्या पोथ्या किंवा मूर्ती असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, चित्र किंवा कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे महत्त्वाचे हस्तलिखित यांना पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, 1972 लागू होतो. त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. आमच्याच वाड्यात दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) हस्तलिखित पोथ्या निघाल्या, तेव्हा "घरी येऊन रोख देतो" म्हणणाऱ्याला आम्ही नकार दिला आणि त्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून आणल्या. 1910 पासून जुन्या पोथ्या-कागदपत्रांच्या संशोधनाचे काम तिथे चालते आणि पोथीची किंमत पैशांपलीकडे काय आहे, हे सांगणारी माणसे तिथे भेटतात.

लालबागची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, मला एक भाऊ आहे, तो नागपूरला असतो. त्याला न विचारताच मी जाहिरात लिहायला बसले होते, हे तुमचे वाचल्यावर लक्षात आले. काल त्याला यादी पाठवली. त्याने बंब मागितला. त्याला बंब कशाला हवा असेल असे मला कधीच वाटले नसते. पण लहानपणी पहाटे गॅलरीत बंब पेटवण्याचे काम त्याचे असे, ते मी विसरले होते.

आईलाही, "या सगळ्याचं काय करू?" असे न विचारता, एकेक वस्तू समोर ठेवून विचारले. पायमशीन मी मनातून ठेवायची ठरवली होती. संपाच्या काळात आई त्या मशीनवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत परकर आणि शाळेचे गणवेश शिवत असे, आणि आमचे घर त्यावर चालले. आई म्हणाली, "ती आधी काढ. त्या मशीननं माझे गुडघे नेले. आणि विकायची तर शिवणाऱ्या बाईलाच वीक, टेबल करणाऱ्याला नको." पट्टा नवा घातला आहे आणि जाहिरातीत तसे लिहिले आहे.

पेटी आज उघडणार आहे.

लालबागची_लेक

सूर_आणि_भाता यांनी सांगितल्याप्रमाणे पेटी उघडली. भात्याची परीक्षा केली, तो सावकाश बसला. सूर दोन ओळींचे आहेत, काहींवर हिरवट थर आहे, त्यांना हात लावलेला नाही. पण लिहायचे आहे ते वेगळेच.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला निघाला. वहीचा रेघी कागद, खळीने चिकटवलेला, कडा झुरळांनी खाल्लेल्या. वर आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचे नाव, त्याखाली 1979 साल, आणि खाली तेवीस नावे, प्रत्येकापुढे वर्गणी. बहुतेकांचे पाच रुपये, काहींचे दोन, एकाचे अकरा. वडिलांचे नाव सातव्या ओळीत आहे, त्यांच्याच अक्षरात, पुढे पाच रुपये. सर्वांत खाली "पेटी सांभाळणार" असे लिहून त्यापुढे पुन्हा त्यांचे नाव आहे.

म्हणजे पेटी त्यांची नव्हतीच. ते ती सांभाळत होते. मी आठ दिवस जी जाहिरात लिहून ठेवली होती ती दुसऱ्यांच्या वस्तूची होती. आईला कागद दाखवला, तर ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे."

तेवीस नावांपैकी चार माणसे हयात आहेत असे आईने मोजून सांगितले. दोघे आमच्याच चाळीत आहेत, एक काका शिवडीला, एक गावी, संगमेश्वरजवळ. काल संध्याकाळी शेजारच्या काकांना बोलावले. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, प्रत्येक नावावर बोट ठेवत, आणि अकरा रुपये देणाऱ्यापाशी थांबून म्हणाले, "हा बोनस मिळाला त्या दिवशी आला होता." मंडळ आता बसत नाही. नवी इमारत झाल्यावर बसेल की नाही, तेही त्यांना सांगता येत नाही. पण पेटी विकायची नाही, यावर चौघांचेही फोनवर एकमत झाले, आणि इमारत होईपर्यंत ती डोंबिवलीला माझ्याकडे ठेवायची असे ठरले.

सूर_आणि_भाता, ते हिरवट सूर साफ करायला पेटी सांगलीला आणावी लागेल का, की मुंबईत कोणाकडे देता येईल? तेवीस जणांच्या यादीखाली माझे नाव लिहायला काकांनी मला पेन दिले होते. सूर नीट झाल्यावर लिहीन असे मी त्यांना सांगितले आहे.

सूर_आणि_भाता

प्रवासात सुरांची पाटी हलते, एवढ्याशा कामासाठी सांगलीपर्यंत आणू नका. दादर-गिरगाव भागात पेटी दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. जाताना तिथल्या एखाद्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला विचारून जा, तो योग्य माणसाकडे पाठवेल. सूर साफ करून पुन्हा स्वरात लावायला सांगा, आणि काम तुमच्यासमोर करून घ्या. कागद मात्र तिथे देऊ नका. त्याचा फोटो काढा, आणि झाकण घरी ठेवून नुसती पेटी न्या.